‘साहेबांनी जरा बसवून ठेवलंय’ : आंदोलनातला माणूस उचलला गेला की पहिल्या चोवीस तासांत काय करायचं

मी वकील नाही. कळव्यात राहतो. पाणी, रस्ते, पुनर्वसन अशा विषयांवरच्या मोर्च्यांत जात आलोय आणि त्याहून जास्त वेळ मोर्च्यानंतर पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर काढलाय. रात्री फोन येतो : "दादा, ह्यांना घेऊन गेले. चौघं होते, दोघं साध्या कपड्यात. कुठे नेलं ते सांगितलं नाही." त्या फोननंतर काय करायचं ते मी चुका करत करत शिकलो. तेवढंच इथे लिहितोय.

पक्ष कुठला, हे विचारू नका. ठाणे जिल्ह्याने सगळ्यांच्या राजवटी पाहिल्यात. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या एका पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यातूनच उभ्या राहिलेल्या लढाईत सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये आयटी कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. मे २०२२ मध्ये शरद पवारांवरच्या पोस्टमुळे एका अभिनेत्रीला ठाणे पोलिसांनी पकडलं, ती महिनाभराहून जास्त आत होती. सरकार बदललं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मॉलमधल्या सिनेमाचा शो बंद पाडल्याच्या प्रकरणात जितेंद्र आव्हाडांना अटक झाली. पोलिसांच्या फोनवरून आपण स्वतः गेलो आणि तिथेच अटक झाली, असं त्यांनी तेव्हा जाहीर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना जामीन मिळाला. आमदाराला दुसऱ्या दिवशी मिळतो. शाखेतल्या पोराला किती दिवसांनी मिळेल, ते त्याच्यामागे कोण धावतं त्यावर ठरतं.

आधी शब्द नीट समजून घ्या

पोलीस ठाण्यात गेलात की उत्तर मिळतं, "अटक नाही हो केली, साहेबांनी जरा बसवून ठेवलंय." कायद्यात ‘बसवून ठेवणं’ नावाची अवस्थाच नाही. नोटीस असते, प्रतिबंधात्मक ताबा असतो आणि अटक असते. तिन्हींना कलम आहे, वेळ आहे, नोंद आहे. ज्या तासांची नोंद नसते त्याच तासांत माणूस मार खातो, कोऱ्या कागदावर सही करतो, मोबाईलचा पासवर्ड देऊन बसतो. म्हणून खाली जे काही सांगतोय ते एकाच हेतूने : तो बिननोंदीचा वेळ जितका कमी होईल तितका करायचा.

मोर्च्याच्या आदल्या दिवशी

मंत्र्यांचा दौरा असला की आदल्या संध्याकाळी बीटचा हवालदार नोटीस घेऊन दारात येतो. जुने लोक तिला अजून ‘१४९ची नोटीस’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि त्यात तिचं कलम १६८ झालंय. ही फक्त ताकीद असते, तिच्यावरून कोणी तुम्हाला घरातून उचलू शकत नाही. सही करायला हरकत नाही, फक्त सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहा आणि एक प्रत ठेवून घ्या.

खिशात एक कागद हवा : घरचा नंबर, वकिलाचा नंबर, चालू औषधं, रक्तगट. कागद कशाला, मोबाईल आहे की, असं पोरं म्हणतात. मोबाईल सगळ्यात आधी जातो. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला रेल रोको आणि लाठीमारानंतर इंटरनेट बंद झालं होतं, तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपचा काही उपयोग नव्हता. घरच्यांचे नंबर तोंडपाठ असणारी आमची बहुधा शेवटची पिढी.

वकीलपत्रावर आधीच सही करून ते वकिलाकडे ठेवा. आतल्या माणसाची सही मिळवण्यात रात्र जाते.

घरी एकजण नेमून ठेवा. त्याने मोर्च्यात यायचं नाही, फोन उचलायचा आणि वहीत वेळा लिहायच्या. आमच्याकडे हे काम एका निवृत्त शिक्षिका ताईंकडे आहे. त्यांच्या वहीमुळे दोन जामीन सोपे झाले, एवढं सांगतो.

माणूस कुठे आहे ते शोधणं

ठाणे पोलीस आयुक्तालय ठाण्यापासून भिवंडी, कल्याण, उल्हासनगर करत बदलापूरपर्यंत जातं. नवी मुंबई आयुक्तालयात वाशी-बेलापूरच्या पट्ट्याबरोबर पनवेल आणि उरणही येतं. कळवा ठाणे पोलिसांकडे, आणि तिथून पुढे ऐरोली लागली की नवी मुंबई. मोर्चा एका हद्दीत, गाडी दुसऱ्या हद्दीत उभी, असं झालं की दोन्हीकडचे "आमच्याकडे नाही" म्हणतात. वाशी-नेरूळकडचा माणूस बेलापूर कोर्टात उभा राहतो. खारघर, कामोठे, कळंबोलीचा पनवेल कोर्टात जातो, कारण तो भाग रायगड जिल्ह्यात आहे. एकदा आम्ही बेलापूरला दुपारपर्यंत ताटकळलो आणि आमच्या माणसाची पनवेलला कोठडी मंजूरही झाली होती.

संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात अटक केलेल्यांची नावं-पत्ते आणि गुन्ह्याची माहिती ठेवणारा अधिकारी नेमलेला असतो, आणि ती माहिती ठळकपणे लावायची असते. बोर्ड कोरा दिसला तर त्याचाच फोटो काढा. कंट्रोल रूमला फोन करा, ११२ वर करा. ११२ वरच्या कॉलची वेळ नोंदली जाते, आणि आपल्याला नेमकी तीच हवी असते. स्थानिक ठाण्यात माणूस नसेल तर गुन्हे शाखेच्या युनिटला विचारायला विसरू नका.

पोलीस ठाण्यात जाताना चाळीस जण घोषणा देत जाऊ नका. त्या घोषणांचाच दुसरा गुन्हा होतो. दोघं पुरे, त्यात एक घरातली बाई किंवा वडीलधारं माणूस. बरोबर वकील असेल तर उत्तमच. ठाणे अंमलदाराला नमस्कार करून तीनच प्रश्न : कोणत्या कलमाखाली आणलंय, किती वाजता, स्टेशन डायरीला नोंद आहे का. आवाज चढवायचा नाही. ड्युटीवरचा माणूस बारा तास उभा असतो आणि बऱ्याचदा त्यालाही हे प्रकरण नकोच असतं.

उत्तर ‘६८-६९’ असेल तर

मोर्च्यातून गाडीत भरलेल्यांना बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ खाली घेतलेलं असतं. कलम ६८ प्रमाणे पोलिसांचे वाजवी आदेश पाळावे लागतात. न पाळल्यास कलम ६९ खाली ते माणसाला हटवू शकतात, आणि मग एकतर मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं किंवा प्रसंग टळल्यावर सोडायचं. मंत्र्यांचा ताफा निघून गेला की प्रसंग टळला. त्यानंतरही ठेवत असतील तर "आता कोणतं कलम?" हा प्रश्न पुन्हा विचारायचा.

दुसरा प्रकार नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७०, म्हणजे जुनं १५१. दखलपात्र गुन्हा करण्याचा बेत आहे, असं कारण दाखवून ही प्रतिबंधात्मक अटक होते. वेगळ्या कायद्याने मुभा नसेल तर चोवीस तासांच्या वर ठेवता येत नाही. यासोबत चॅप्टर केस येते, म्हणजे शांतता राखण्याचा बॉन्ड लिहून घेण्याची कारवाई. आयुक्तालयात ती एसीपी चालवतात. बॉन्डवर सही करताना मुदत आणि रक्कम वाचा. मुदत चालू असताना पुन्हा आंदोलन केलं की त्याच बॉन्डवर बोट ठेवलं जातं.

अर्ध्या तासात एक अर्ज

सगळ्या धावपळीत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे हा अर्ज. साध्या कागदावर, दोन प्रती. घरच्याने लिहायचा :

*प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक, …… पोलीस ठाणे.*
*माझे पती …… (वय ……) यांना आज दि. …… रोजी रात्री …… वाजता …… येथून आपल्या ठाण्याचे पोलीस घेऊन गेले. त्यांना कोणत्या कलमाखाली ताब्यात घेतले, स्टेशन डायरीतील नोंद काय, व अटक केली असल्यास तिची वेळ आणि कारणे मला लेखी कळवावीत. त्यांना मधुमेह असून सोबत दिलेले औषध रात्री घ्यावे लागते. घरातून नेताना त्यांच्या अंगावर कोणतीही जखम नव्हती. त्यांची वकिलांशी भेट करून द्यावी.*

जखमेचं वाक्य विसरायचं नाही. उद्या पाठीवर वळ दिसले तर "मोर्च्यात पडला असेल" हे उत्तर तयार असतं. रात्री बारा वाजता दिलेला कागद त्या उत्तराच्या आड येतो. मोर्च्यातच लागलं असेल तर तेही खरं लिहा, कुठे आणि कसं ते. खोटं एक वाक्य सापडलं की बाकीचा अर्ज वाया जातो.

पोच मागा. देणार नाहीत, "साहेब राउंडला गेलेत" म्हणतील. मग तोच कागद फोटो काढून पोलीस ठाण्याच्या, आयुक्त कार्यालयाच्या आणि वकिलाच्या ईमेलवर पाठवा. ईमेलवर वेळ आपोआप पडते.

अटकच झाली असेल तर

अटकेचा पंचनामा किंवा मेमो त्याच वेळी व्हायला हवा, त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या एका साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही हवी. डी. के. बसू प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये हे घालून दिलं, आज ते संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. अटकेची वेळ नीट पाहा. रात्री दहाला नेलेल्या माणसाची अटक पहाटे पाचला दाखवली की चोवीस तासांचं घड्याळ सात तास उशिरा सुरू होतं. आपली वही आणि तो अर्ज इथे लागतात.

अटकेची कारणं सांगणं हा राज्यघटनेच्या कलम २२ चा भाग आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ही कारणं लेखी आणि अटक झालेल्याला कळेल अशा भाषेत द्यायला सांगितली, आणि लगेच देणं शक्य नसेल तर रिमांडच्या, म्हणजे कोठडीसाठी कोर्टात उभं करण्याच्या, किमान दोन तास आधी तरी. कलमांचे आकडे म्हणजे कारणं नव्हेत. या माणसाने काय केलं म्हणून अटक, ते लिहिलेलं हवं.

कलमांत एकच आधी शोधा : भारतीय न्याय संहितेचं १३२, म्हणजे आपलं जुनं ३५३, सरकारी नोकराच्या कामात अडथळा आणण्यासाठी हल्ला. जमावबंदी मोडली (कलम २२३) किंवा बेकायदा जमाव (१८९) एवढंच असेल तर सहसा जामीनपात्र असतं आणि पोलीस ठाण्यातच जामीन द्यावा लागतो. १३२ जोडलं की अजामीनपात्र. म्हणून धक्काबुक्की झालीच नसेल तर व्हिडिओ त्याच रात्री गोळा करून दोन ठिकाणी ठेवा. तरीही १३२ ची शिक्षा दोन वर्षांपर्यंतचीच आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करायची नाही, आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे चौकशीला हजर राहण्याची, नोटीस द्यायची किंवा अटक का गरजेची ते लिहून ठेवायचं, असं सुप्रीम कोर्टाचा अर्नेश कुमार निकाल (२०१४) सांगतो. वकिलाला हे आठवण करून द्यावं लागत नाही. रात्री दोन वाजता लागतं. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, हेही सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. पण आली तर दुर्लक्ष नको. वकिलामार्फत उत्तर द्या आणि हजर राहा, कारण नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना वेगळं कारण लिहावं लागतं.

बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नाही. अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी हवी. साठीपुढच्या किंवा आजारी माणसाला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक नाही. आमच्या मोर्च्यांत निम्मे साठीपुढचेच असतात, त्यामुळे हे कलम ३५(७) मला पाठ आहे. अठराच्या आतलं पोर असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही.

आतल्याला निरोप द्यायची संधी मिळाली तर एवढंच सांगा : नाव-पत्ता खरा दे, बाकी वकील आल्यावर. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा होत नाही, पण त्यातून इतरांची नावं बाहेर जातात. चौकशीदरम्यान वकिलाला भेटायचा हक्क कलम ३८ देतं. पूर्ण वेळ शेजारी बसवायचा नाही, भेटायचा.

मारलं असेल तर

इथे घाई करू नका.

अटकेनंतर मेडिकल होतं. ठाण्यात सिव्हिल, कळव्याचं महापालिका हॉस्पिटल, वाशीचं महापालिका हॉस्पिटल, अशा कुठल्यातरी सरकारी ठिकाणी. पोलीस दारातच उभे असतात, डॉक्टर मान वर न करता विचारतात "काही त्रास?" आणि माणूस "नाही" म्हणतो. दोन मिनिटांत कागद तयार. हे ‘नाही’ नंतर कोणालाच पुसता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे डॉक्टरने अंगावरच्या जखमा, वळ आणि ते कधीचे असावेत याचा अंदाज लिहायचा असतो, आणि अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यायची असते. बाईची तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली. कोठडी लांबली तर बसू निकालाप्रमाणे दर अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा तपासणी.

तळपायावर मारल्याच्या खुणा लवकर दिसेनाशा होतात. कानशिलात बसल्यावर बाहेर काहीच दिसत नाही, पण पडदा फाटलेला असू शकतो. ऐकू कमी येतंय असं म्हणाला तर कानाची तपासणी मागून घ्या.

पुढचा टप्पा मॅजिस्ट्रेट. पहिल्या रिमांडला न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महाग प्रश्न हाच. ज्याने मारलं तोच हात धरून उभा असतो आणि संध्याकाळी त्याच्याबरोबरच परत जायचं असतं. माणूस "नाही साहेब" म्हणतो आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, तसं उमटतं. माझ्या ओळखीच्या एका पोराने असंच केलं. महिनाभराने त्याने तक्रार केली तेव्हा प्रत्येक टेबलावर तोच रोजनामा त्याच्यापुढे ठेवला गेला. तेव्हा कोर्टात नेण्याआधी वकिलाने आतल्याला दोन मिनिटं भेटून सांगायचं : मारलं असेल तर तिथेच बोल. कोणी, कुठे, कशाने. अंगावर दाखवण्यासारखं असेल तर दाखव. नाव माहीत नसेल तर वर्णन सांग. न्यायाधीशांनी लिहून घेतलं का ते वकिलाने पाहायचं आणि त्याच अर्जात नव्याने मेडिकल आणि पोलीस कोठडीऐवजी न्यायालयीन कोठडी मागायची.

कबुलीसाठी मारहाण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत.

कोर्टात

चोवीस तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) हजर करावंच लागतं, रविवारीही. सुट्टीचं रिमांड कोर्ट कुठलं ते आधी विचारून ठेवा. वकील नसेल तर कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन. एमसीआर ऐकून घरचे रडतात, "जेलात टाकलं" म्हणून. आम्ही मात्र सुटकेचा श्वास सोडतो, कारण माणूस पोलिसांच्या हातातून बाहेर पडला. फक्त नव्या संहितेत एक गाठ आहे. पंधरा दिवसांची पीसीआर आता सलग घ्यावी लागत नाही, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यांनी मागता येते.

जामीन मंजूर झाला तरी जामीनदारावाचून माणूस आत बसतो. जामीनदाराचं रेशनकार्ड, आधार, पगाराची स्लिप किंवा घरपट्टीची पावती फाइलमध्ये तयार ठेवा. तोवर कॅश बेल, म्हणजे रोख रक्कम भरून जामीन, मागता येते.

चोवीस तास उलटले आणि माणूस ना कोर्टात ना कागदावर, तर मुंबई हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे ‘माणूस कोर्टापुढे हजर करा’ अशी याचिका. घरचं कोणीही दाखल करू शकतं. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, सुप्रीम कोर्टानेच हा दरवाजा बंद केला होता आणि मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत असलेल्यांना दाद मागायला जागा उरली नव्हती. आज तो उघडा आहे. बहुतेकदा वकिलाने "उद्या सकाळी हायकोर्टात मेन्शन करतोय" एवढं कळवलं तरी रात्रीत अटकेची नोंद होते.

जेलमध्ये गेल्यावर

ठाणे सेंट्रल, कल्याणचं आधारवाडी किंवा खारघरजवळचं तळोजा. औषधांची चिठ्ठी कोर्टातूनच आदेश करून पाठवा. जेलच्या गेटवर दिलेली गोळी आत पोचतेच असं नाही. तळोज्यात आदिवासींमध्ये काम करणारे वृद्ध पाद्री स्टॅन स्वामी यांना पार्किन्सनमुळे पेला धरता येत नव्हता, तर नोव्हेंबर २०२० मध्ये स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला मुंबईच्या हॉस्पिटलात ते गेले, जामिनाचा अर्ज तेव्हाही प्रलंबित होता. आजारी माणसासाठी पहिल्याच तारखेला वैद्यकीय अर्ज लावायचा, तो यामुळे.

सुटून आल्यावरची कामं

सीसीटीव्ही आधी. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावून फुटेज अठरा महिने, निदान वर्षभर तरी ठेवायला सांगितलंय. तारीख आणि तास लिहून ते जपून ठेवण्याचा अर्ज पोलीस ठाण्याला आणि कोर्टाला द्या. "कॅमेरा बंद होता" असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या. मारहाणीची तक्रार राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत, आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही. दोन्हीकडे वेळ लागतो. मी त्यांच्या भरवशावर राहा असं सांगणार नाही, पण त्यांच्या नोटिसीला पोलिसांना लेखी उत्तर द्यावं लागतं आणि त्या उत्तरात बऱ्याचदा उपयोगाचं काहीतरी निसटतं.

निवडणूक जवळ आली की तडीपारीची नोटीस येऊ शकते, पोलीस अधिनियमाचं कलम ५६. आंदोलनाचे तीन-चार गुन्हे एकत्र करून ‘धोकादायक’ ठरवतात. सुनावणीला जाऊन लेखी म्हणणं द्याच. आदेश निघाला तर तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील. तडीपारी दोन वर्षांपर्यंत असू शकते.

शेवटी गुन्ह्यांची यादी. राजकीय-सामाजिक आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय अधूनमधून निघतात, जीवितहानी नसावी आणि नुकसान ठरावीक मर्यादेत असावं अशा अटींवर. पण निर्णय निघाला म्हणजे केस संपली असं नसतं, सरकारी वकिलाला कोर्टात अर्ज करावा लागतो आणि कोर्टाची परवानगी लागते. आमच्यातला एकजण केस मागे घेतली असं समजून सहा वर्षं तारखेला गेला नाही. महापालिकेचा उमेदवारी अर्ज भरायला ठाण्यात आला तेव्हा प्रतिज्ञापत्रातल्या प्रलंबित गुन्ह्यांच्या रकान्यासाठी वकिलाने चौकशी केली, तर त्याच्या नावावर अजामीनपात्र वॉरंट निघालेलं. म्हणून ताईंच्या वहीत मागच्या बाजूला प्रत्येकाचा गुन्हा क्रमांक, केस नंबर आणि पुढची तारीख असते, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या सगळ्यांना फोन करतात.